पेट्रोलमधलं पाणी आणि माझा डावा पाय

आमचे हाडांचे डॉक्टर मला म्हणाले, "सुधाताई, तुम्ही लिहा. वाचून पेशंटना धीर येईल." मी म्हटलं, धीर माझ्याजवळ उरलेला नाही, राग मात्र भरपूर आहे, चालेल का? ते हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. ज्यांचा हात नाहीतर पाय जायच्या बेतात आहे, जे पलंगावर पडून डोक्यावरचा पंखा बघताहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. त्यांना आधीच सांगून टाकते: राग येत असेल तर येऊ द्या. भेटायला येणारी मंडळी तुम्हाला शांत राहायला सांगतील. त्यांचं काय जातंय? ती आपल्या दोन पायांवर चालत आलेली असतात आणि चालत परत जातात.

माझी गोष्ट फार मोठी नाही. डावा पाय ठेवायचा की काढायचा, एवढीच आहे. पण त्या पायाचं जे झालं ते आपोआप झालं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गेरू आणि चुना

सत्तरच्या दशकात मी नागपुरात शेतकीच्या विद्यार्थ्यांना कीटकशास्त्र शिकवत होते. घर धरमपेठेत, नवरा पोस्टात, मुलगी चिमी नुकतीच शाळेत जायला लागलेली. त्या वर्षी काटोलकडच्या संत्र्यांवर कोळशी पडली. बारीकशी काळी माशी पानाखाली बसून रस शोषते, मग अख्खं झाड चुलीवरच्या भांड्यासारखं काळं होतं. बागा इतक्या पसरलेल्या की पाठीवरच्या पंपानं फवारून काय होणार? म्हणून हेलिकॉप्टर आणायचं ठरलं. छोटंसं, पुढे काचेचं डोकं, मागे नुसता सळयांचा सांगाडा. वरून काळ्या पडलेल्या बागा वैमानिकाला दाखवायला कोणीतरी जाणकार हवा होता. मी जाते म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीनं आभाळात कायले जा लागते?" मी हसले आणि गेले.

आता ड्रमचं सांगते. हेलिकॉप्टरचं पेट्रोल लोखंडी ड्रममधून आलं होतं. ते ड्रम आडवे ठेवायचे असतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन. ड्रम उभा ठेवला की वरच्या काठाच्या आत पावसाचं पाणी तुंबतं. उन्हानं ड्रम तापतो, मग थंड होतो, आणि थंड होताना ते पाणी बुचाच्या फटीतून आत ओढून घेतो. कॅप्टन ग्रेवाल, आमचे वैमानिक, यांनी ड्रम व्यवस्थित आडवे ठेवून घेतले होते, वर ताडपत्री टाकून.

पण उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. आणि आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की समोर जे दिसेल त्याला गेरू आणि चुना! रस्त्याकडेचे दगड, बाभळीची खोडं, हापशीचा ओटा, काही सुटत नाही. गाय उभी राहिली तर तिलाही फासतील. तालुक्याच्या साहेबांनी हुकूम सोडला आणि ड्रम उभे झाले. एका रांगेत, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा, त्यावर झेंडूच्या माळा. ताडपत्री मळकी दिसत होती म्हणून काढून टाकली. कॅप्टन तेव्हा नागपुरात मुक्कामाला होते. मग दोन दिवस पाऊस लागला.

कार्यक्रमाच्या सकाळी मी ते ड्रम पाहिले. काठात पाणी साचलेलं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगताहेत. किती छान सजवलंय, असं मी शेजारच्या बाईंना म्हटलंसुद्धा.

टाकी त्याच ड्रममधून भरली. उडण्याआधी टाकीच्या बुडाशी असलेला छोटा नळ उघडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं असतं. पाणी असेल तर ते खाली बसतं, डोळ्यांना दिसतं. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. पण पाहुणे उशिरा आले होते आणि उशिरा आलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त घाई असते. हेलिकॉप्टरला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, लाउडस्पीकरवर एकजण सारखा ओरडत होता, "आता कोणत्याही क्षणी आपलं हे विमान आकाशात झेप घेईल!" साहेब कॅप्टनच्या पाठीला हात लावून म्हणत होते, "चलो साब, चलो साब." कॅप्टन चढले. मीही चढले.

पहिली फेरी संपवून आम्ही वळलो. मी खाली बोट दाखवत होते, ती बाग, ती विहिरीजवळची. इंजिन खोकललं. पुन्हा खोकललं. मग आवाजच बंद. पंखा वर फिरतोय आणि कानात नुसता वारा. कॅप्टन एवढंच म्हणाले, "पकडो." मी काय पकडलं ते मला आठवत नाही. झाडं अंगावर आली.

फवारणीच्या टाकीत औषध नव्हतं, साधं पाणी भरलं होतं, पाहुण्यांच्या कपड्यांवर काही उडू नये म्हणून. म्हणजे फवारणीच्या टाकीत पाणी आणि पेट्रोलच्या टाकीतही पाणी. शुद्धीवर आल्यावर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात हेच फिरत होतं आणि मला वेड्यासारखं हसू यायचं.

विटा

दरवाजाचं लोखंड आत वाकून माझ्या डाव्या नडगीवर बसलं. हाड बाहेर आलं आणि त्यात बागेतली काळी चिखलमाती गेली. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मला जागा मिळाली. टाचेतून आरपार सळई घातली, सळईला दोरी, दोरी पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वजन म्हणून विटा. खऱ्या विटा, घर बांधतात त्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी ओरडले, "माझ्या पायाला विटा बांधल्या?" कौसल्याबाई म्हणून वॉर्डातल्या आया होत्या. त्या म्हणाल्या, "मंग काय सोनं बांधू वं? हालू नोको, विटा डोलून राहिल्या."

त्या कौसल्याबाईंनी मला जगवलं. बेडपॅन देताना पलीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि मुद्दाम मोठ्यानं जावयाच्या तक्रारी सांगायच्या, म्हणजे मला लाज वाटू नये. ही दया मला डॉक्टरांच्या औषधाइतकीच लागू पडली. तुम्ही दवाखान्यात असाल तर अशी एक बाई शोधा. असतेच.

सकाळी फिनाइलचा पोछा, मग ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीचं एक चाक वाजायचं. दूरवर तो आवाज आला की मी चादर मुठीत धरायचे. जुनी पट्टी ओढून काढताना मी आधी दात आवळून बसायचे, शहाण्या बाईसारखी. मग एक दिवस ठरवलं, बास झालं, ओरडायचं. ओरडले. कमी दुखलं, खरंच.

आणि भेटायला येणारे! कॉलेजातले, शेजारचे, पोस्टातले. एकेक येणार, विटांकडे बघणार, आणि म्हणणार, "नशीब बलवत्तर म्हणून वाचलात." नाहीतर, "असतं एकेक नशिबात." म्हणजे वाचले तेही नशीब आणि पडले तेही नशीब! मधे कोणी माणूस नाहीच. एका बाईंना मी म्हटलं, "नशिबानं पेट्रोलमध्ये पाणी ओतलं का हो?" त्या घाबरून उठल्या आणि बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, डोक्यालाही मार लागलाय वाटतं.

पाण्याचं मला एव्हाना कळलं होतं. चौकशीला आलेल्या माणसानं मधुकरना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं होतं: इंजिनात पाणी निघालं, उरलेल्या ड्रममध्येही निघालं.

मग एक दिवस तालुक्याचे साहेब आले. हातात संत्रा बर्फीचा डबा. स्टूल ओढून बसले.

"कशी आहे तब्येत, ताई? फार वाईट झालं. तांत्रिक बिघाड. मशीनचं काही सांगता येत नाही."

"ड्रम उभे कोणी केले?" मी विचारलं.

"अं?"

"ड्रम. पेट्रोलचे. उभे कोणी केले?"

साहेब जरा हसले. "अहो ताई, पाहुणे येणार होते. इकडेतिकडे लोळत पडलेले ड्रम कसे दिसतात? शोभा जाते."

"शोभा."

"आता यात कोणाचा दोष नाही हो. झालं ते झालं. आपण पॉझिटिव राहायचं. तुमचा सत्कार करायचा ठरतोय आपला."

अंगाचा तिळपापड म्हणतात ना, तो मी त्या दिवशी अनुभवला. मला उठून त्या माणसाची कॉलर धरायची होती आणि मी टाचेतल्या सळईनं पलंगाला जखडलेली. बर्फीचा डबा तेवढा हाताशी होता. तो फेकला. लागला नाही, भिंतीवर फुटला. साहेब निघून गेले. कौसल्याबाईंनी बर्फी उचलून फडक्यात बांधली आणि म्हणाल्या, "तेच्यावर राग काढ ना वं, बर्फीवर काहून?" अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले आणि मग हमसून हमसून रडले.

अळ्या

जखम भरेना. माती आत गेली होती ना. पू यायला लागला, मग वास. असा वास की शेजारच्या पलंगावरची बाई पदर नाकाला लावून जेवायची. चिमीला घेऊन आले तर ती दारातच उभी राहिली. "आई, तू घरी आल्यावर मी येईन," म्हणाली. मी म्हटलं, बरं बाळा. ती गेल्यावर मी तोंडावर चादर ओढून घेतली. पोरीचा राग नाही आला. पण ज्यांच्यामुळे माझं लेकरू माझ्या वासाला भ्यालं, त्यांना मी चादरीखाली ज्या शिव्या दिल्या त्या धरमपेठेतल्या बाईला येत नसतात. मला येत होत्या.

एकदा ड्रेसिंग उघडलं आणि नवी नर्स किंचाळली. जखमेत अळ्या वळवळत होत्या. पावसाळ्याचे दिवस, वॉर्डात माशा. मधुकर तिथेच होते, ते भिंतीला टेकले. मी कोपरावर उठून बघितलं. ओळखीच्या होत्या! वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढल्या होत्या. मी म्हटलं, "ओरडता काय? त्या फक्त सडलेलं खातात, चांगल्या मांसाला तोंड लावत नाहीत. इथे मन लावून काम करणारं आणखी कोण आहे?" डॉक्टरसुद्धा हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी जखम बराच वेळ बघितली, हाड टोचून बघितलं, आणि मधुकरना बाहेर घेऊन गेले.

मला कळलं. अळ्यांना भरपूर खायला होतं म्हणजे काय ते मला नको का कळायला?

हो म्हणायचं नाही

"हाड सडतंय," मधुकर म्हणाले. "ताप त्याचाच आहे. गुडघ्याखाली काढावा लागेल म्हणतात. नाहीतर विष वर चढेल."

"नाही."

"सुधा, ते सांगताहेत की उशीर केला तर मांडीपर्यंत…"

"नाही म्हटलं ना."

किती दिवस हे चाललं. ते समजावायचे, मी नाही म्हणायचे. कधी ते चिडायचे, "चिमीचा विचार कर जरा!" कधी मी चिडायचे, "तुमचा पाय आहे का?" एकदा त्यांनी डबा उघडलाच नाही, तसाच ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा दाढी केलेली नव्हती, आणि सासूबाईंशीही भांडण झाल्याचं तोंडावर दिसत होतं. त्या माणसाची घरी, पोस्टात आणि दवाखान्यात तिन्हीकडे फरफट चालली होती. आजारी माणसाला हे दिसतं, पण दिसून उपयोग नसतो. आपल्या दुखण्यापुढे दुसऱ्याचं हाल झालेलं तोंड बघायचाही कंटाळा येतो. हे वाईट आहे, पण असंच असतं.

नाही का म्हणत होते? भीती होतीच. मी बागांमधून हिंडणारी बाई, बांधावरून उड्या मारत जाणारी. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच होतं. पाय काढला की सगळ्यांचं सोपं होणार होतं. विषय संपला. बिचारीच्या नशिबात होतं, सत्कार करा, शाल घाला. तो सडका पाय होता तोवर काहीतरी उत्तर द्यायचं बाकी होतं. ते उत्तर कोणी देत नव्हतं. तांत्रिक बिघाड म्हणे! माझं हाड कुजत होतं आणि एक माणूस, फक्त एक माणूस, समोर येऊन म्हणत नव्हता की आमचं चुकलं. तोवर मी पाय देणार नव्हते. ताप वाढत होता. डॉक्टर म्हणाले, आता हट्ट जिवावर बेतेल. बेतू दे, म्हटलं. मी हे शौर्य म्हणून सांगत नाही. तुम्ही असं करू नका. पण असं का होतं ते तुमच्या माणसांना कळावं म्हणून सांगतेय.

बाटली

एका दुपारी कॅप्टन ग्रेवाल आले. पुरुषांच्या वॉर्डात होते ते, मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. मान वळत नव्हती म्हणून अख्खं अंग वळवून पलंग शोधत आले. स्टुलावर बसले नाहीत.

मी म्हटलं, "या. तुम्हीही सांगा, तांत्रिक बिघाड."

"नहीं मॅडम," ते म्हणाले. "बोतल मेरी जेब में थी. मैंने देखा नहीं."

ते पलंगाचा दांडा धरून उभे राहिले.

"ड्रम किसने खड़े किए, वो अलग बात. आख़िर में देखना मेरा काम था. वो लोग जल्दी कर रहे थे, मैं भी कर गया. गलती मेरी है."

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता यायचं नाही. मराठीत बोलले, हिंदीत बोलले. माझी नडगी, माझी चिमी, माझी नोकरी, बेडपॅन, वास, अळ्या, सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. नर्स धावत आली, तिला कौसल्याबाईंनी हात धरून थांबवलं. "बोलू दे तिले," म्हणाल्या. घसा बसला तरी मी बोलतच होते. आणि तो माणूस उभा होता. मान खाली घालता येत नव्हती त्याला, प्लास्टरमुळे. सरळ माझ्याकडे बघत ऐकत राहिला. "मी समजू शकतो" म्हणाला नाही. माफी मागितली नाही. कारण दिलं नाही.

माझ्यातलं संपलं तेव्हा मी विचारलं, "पाय काढा म्हणतात. तुमचा असता तर?"

त्यांनी पायाकडे बघितलं. वास त्यांनाही येत असणार, पण नाकपुडी हलली नाही.

"निकलवा देता," ते म्हणाले. "सड़ चुका है, मॅडम."

ते गेले. मी त्यांना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. साहेबांना तर नाहीच नाही. ते पुढे बढती घेऊन गेले असं कळलं आणि मी दिवसभर घरात भांडी आपटत होते. पण त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. उठले तर मधुकर डबा घेऊन बसले होते.

"डॉक्टरांना हो सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डबा खाली ठेवला आणि लगबगीनं निघाले, मी पुन्हा बदलेन या भीतीनं.

आदला दिवस

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी मधुकरना म्हटलं, "माझा पाय धुवायचाय."

"जखम?"

"जखम नाही. पाऊल. इतके दिवस कोणी धुतलं नाही."

कौसल्याबाईंनी घमेलं आणून दिलं, कोमट पाणी, साबण. सळई काढून टाकली होती. नडगीवर पट्ट्यांचा गठ्ठा, पण खाली पाऊल होतं तसंच होतं. माझंच. पहिल्या दिवशी पक्कडीनं तोडून काढलेल्या जोडव्याचा पांढरा वळ बोटावर अजून होता. मधुकरनी पाऊल हातात घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता. आपल्याकडे बायकोचे पाय धरतं कोण? वॉर्डातल्या बाया बघत होत्या. बघू द्या.

"बोटांच्या मधलंही," मी म्हटलं.

त्यांनी एकेका बोटामधून साबण फिरवला. काटोलची माती अजून नखांच्या कडांना होती, ती काडीनं काढली. पंचानं कोरडं केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नखं वाढलीत. कापू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उद्या जाणाऱ्या पायाची नखं! ओठांवर आलं होतं, वेड लागलंय का तुम्हाला? पण त्यांच्या हातात माझी टाच होती आणि कोरडी झाली तरी ते ती पुन्हा पुन्हा पंचानं पुसत होते.

"हो," मी म्हटलं. "करंगळीपासून सुरू करा. आणि सावकाश."

ते खिशातून नेलकटर काढून खाली वाकले. पाचही नखं त्यांनी अगदी काठाकाठानं कापली, एकही वेडंवाकडं नाही.